अण्णांचा लाईन बॉक्स कुणाला द्यावा? आणि दिल्यावर पुढे त्याचं काय होतं?

शास्त्रीकाठ
नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यातली, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. प्रश्न जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागायचा?

आमचे अण्णा मध्य रेल्वेत गार्ड होते. २०२२ पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण अण्णा शेवटपर्यंत गार्डच. आधी काही वर्षं दौंड-मनमाड, मग बदली होऊन कल्याण, आणि तिथून इगतपुरीपर्यंत मालगाड्या. १९८८ ला निवृत्त होऊन गावी आले. दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा मे महिन्यात कौलं उतरवून वासे बदलायचे होते म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा त्यांचा लाईन बॉक्स खाली आला.

लाईन बॉक्स म्हणजे गार्डची पत्र्याची पेटी. ड्युटी लागली की बॉक्स पोर्टर ती उचलून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटी असलेल्या गार्डच्या डब्यात, चढवायचा. आमच्या पेटीवर पांढऱ्या रंगात अण्णांचं नाव आणि खाली ‘गार्ड, कल्याण’ असं लिहिलंय. अक्षरं त्यांनीच काढलेली. शेवटच्या ‘ण’ला जागा उरली नाही म्हणून तो कडेला चेपून बसलाय.

आत हातबत्ती आहे. वरची टोपी फिरवली की टक् असा आवाज होतो आणि पांढऱ्याचा हिरवा, हिरव्याचा लाल उजेड व्हावा अशा काचा सरकतात. लाल काचेला कोपऱ्यात केसासारखी चीर आहे. तळाची टाकी उघडली तर एवढ्या वर्षांनीसुद्धा रॉकेलचा वास आला. मी तिथेच पडवीत खाली बसले. शिवाय एक लाल आणि एक हिरवी झेंडी (हिरवीला आईच्या हातचा टाका आहे, मला ओळखू येतो), पितळेची शिट्टी, नियमांचं पुस्तक, १९७४ चं वर्किंग टाइमटेबल, शंभरेक पुठ्ठ्याची तिकिटं, आणि १९६१ ते १९८८ च्या डायऱ्या. एक धातूचा गोळा आहे, त्यावर दोन स्टेशनांची इंग्रजी अक्षरं कोरलेली. लहानपणी आम्ही तो खळ्यात गडगडवायचो. आणि एक गंजलेला पत्र्याचा डबा. त्यात मलमाच्या डबीसारख्या सहा चपट्या डब्या आहेत, प्रत्येकीला शिशाच्या पट्ट्या.

भाऊ डोंबिवलीला असतो, त्याच्याकडे जागा नाही. भंगारवाल्याने पितळ वेगळं, पत्रा वेगळा असा भाव सांगितला. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. हे सगळं एखाद्या रेल्वे संग्रहालयाला किंवा माथेरानसारख्या जुन्या रेल्वेला द्यावं असं मनात आहे. पण दिल्यावर काय होतं? कुणी पाहतं का? गोदामात पडून राहतं का? आम्हाला नंतर जाऊन बघता येतं का? ज्यांनी दिलंय त्यांनी खरं काय ते सांगावं.

घाटगार्ड
ताई, बाकी सगळं नंतर. आधी तो गंजलेला डबा.

ते डिटोनेटर आहेत, आम्ही त्यांना फटाके म्हणायचो. आत स्फोटक असतं. डबा जिथे आहे तिथेच राहू द्या. ठोकू नका, उघडून मोजू नका, उन्हात किंवा चुलीजवळ नेऊ नका, मुलांना लांब ठेवा. पोलीस ठाण्यात आणि जवळच्या स्टेशनमास्तरांना आजच कळवा, लेखी. कुरिअरने किंवा एसटीतून कुठेही पाठवायचा विचारसुद्धा नको. जुना झाला म्हणून फटाका निकामी झाला असं धरून चालता येत नाही.

हे गार्डकडे का असायचे, तर गाडी मध्येच अडली की मागून किंवा शेजारच्या लाईनवरून येणाऱ्या गाडीला थांबवायला. लाल बत्ती दाखवत चालत जायचं, ६०० मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा, १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर अंतराने. इंजिनचं चाक वरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. कसाऱ्याच्या घाटात १:३७ चा चढ, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आषाढातल्या रात्री, धुक्यात, डोंगरावरून येणाऱ्या पाण्यातून मी हे बाराशे मीटर दोनदा चाललोय. बत्तीच्या उजेडात स्वतःचे बूट दिसायचे, बस. तुमच्या अण्णांनीही चालले असणार. डायरीत सापडेल बघा.

आता गोळा. तो नीलच्या बॉल टोकन यंत्रातला आहे. एकेरी लाईनवर दोन स्टेशनांत अशी दोन यंत्रं विजेच्या तारेने जोडलेली असतात. पलीकडच्या मास्तरांनी संमती दिली की अलीकडच्या यंत्रातून एकच गोळा सुटतो, तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी निघत नाही. तो गोळा पुढच्या यंत्रात जाईपर्यंत दुसरा निघत नाही. म्हणून दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत. चालू यंत्रातला गोळा हरवला तर चौकशी लागायची, त्यामुळे तुमचा बहुधा यंत्रं बदलली तेव्हा मोडीत निघालेल्यातला असेल. पण ‘बहुधा’ कागदावर चालत नाही. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे. त्यामुळे विकायला काढू नका, ऑनलाइन फोटोही टाकू नका. पत्र लिहा: वडिलांच्या निधनानंतर पेटीत सापडला, परत करत आहोत, संग्रहालयात ठेवावा ही विनंती. पोहोच घ्या. बत्तीचंही तसंच करा, कारण तीही ड्युटीसाठी मिळालेली. डायऱ्या मात्र त्यांच्या स्वतःच्या, त्या तुमच्या.

शास्त्रीकाठ
दादा, फार उपकार झाले. पेटी पडवीतच आहे, डबा पेटीतच राहू दिलाय, पडवीचं दार लावून घेतलंय. ठाण्यात उद्या सकाळी जाते. आम्ही लहानपणी त्या डब्यांशी भातुकली खेळलो नाही हे नशीब. आई त्या पेटीला हात लावू द्यायची नाही, कारण आज कळलं.

रेडीबंदर
ताई, मी दिलंय म्हणून लिहितो. आमच्याकडे ‘दिलां तां गेलां’ म्हणतत. माझ्या बाबतीत ते खरं झालं, तुमच्या बाबतीत होऊ नये.

माझे आजोबा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. त्यांची बत्ती आणि बिल्ला मी दहाएक वर्षांपूर्वी एका ठिकाणी नेऊन दिला. नाव लिहीत नाही, तिथली माणसं आता बदलली असतील. छोटा कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ, फोटो. पावती मागायची मला लाज वाटली. दान दिल्यावर पावती कसली मागायची, असं वाटलं. तीन वर्षांनी मुलीला दाखवायला घेऊन गेलो. दालनात बत्ती नव्हती. विचारत विचारत एका साहेबांच्या केबिनपर्यंत पोहोचलो. कोपऱ्यातल्या टेबलावर होती. सोनेरी ऑइलपेंट मारलेला, आतल्या काचा काढून टाकलेल्या, आणि त्यात प्लास्टिकची फुलं. मुलीने विचारलं, पणजोबा फुलं विकायचे का? मी काही बोललो नाही. बाहेर येऊन बाकावर बसलो.

मग नोंद शोधायला लावली. निघाली ती डेड स्टॉक रजिस्टरमध्ये: ‘कंदील, जुना, नग १’. आजोबांचं नाव नाही, गाव नाही, कुणी दिला ते नाही. टेबल, खुर्ची, पंखा, कंदील. बिल्ल्याची तर नोंदच नव्हती.

कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही. ज्याने रंग मारला त्याला ते चांगलंच काम वाटलं असणार. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही बत्ती कुणाची. आणि ते सांगायचं काम माझं होतं.

म्हणून तुम्ही वस्तू हातात देण्याआधी तीन गोष्टी करा. प्रत्येक वस्तूची यादी आणि फोटो, दोन प्रतीत, त्यांच्या सही-शिक्क्यानिशी. दान की मुदतीवर उसनं, ते स्पष्ट शब्दांत. आणि संग्रहालयाच्या नोंदवहीतला क्रमांक. तो क्रमांक मिळत नसेल तर पेटी परत गाडीत घाला.

शास्त्रीकाठ
रेडीबंदर, तुमचं वाचून मी रात्री झोपले नाही. डेड स्टॉक रजिस्टर मी तीस वर्षं लिहिलंय. आमच्याकडे त्याला जडवस्तू नोंदवही म्हणायचे. दर काही वर्षांनी निर्लेखनाची यादी करायची, समितीच्या सह्या घ्यायच्या, आणि माल लिलावात. १९९४ साली शाळेची पितळी घंटा त्या यादीत मी घातली. ‘घंटा, नग १, तडा गेलेली, निरुपयोगी.’ त्या घंटेवर माझे वडील शाळेत गेले होते, मीसुद्धा गेले होते. नोंदवहीत ते लिहायला रकानाच नव्हता. रकाना नव्हता म्हणून मीही लिहिलं नाही.

कसर
मी रत्नागिरीत जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करते. ताई, सगळे बत्तीबद्दल बोलताहेत, मी डायऱ्यांबद्दल बोलते. गार्डच्या बत्त्या बऱ्याच घरांतून आल्या आहेत. संग्रहालयाकडे आधीच दहा असतील तर अकरावीला ते नाही म्हणू शकतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. पण एका गार्डच्या हातच्या सलग सत्तावीस वर्षांच्या नोंदी दुसऱ्या कुणाकडे असणार नाहीत.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून आधी घरचं. डायऱ्या सिमेंटच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत ओल धरते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनही नको, आत घाम धरून बुरशी येते. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, लाकडी फळीवर आडव्या ठेवा, उघडीप पडेल त्या दिवशी सावलीत वारा द्या. लॅमिनेशन नको. चिकटपट्टी नको, ती वाळल्यावर कागद घेऊन निघते. पाना-पानाचे फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. शिट्टीला चिंच किंवा पॉलिश लावू नका. तिच्यावर जो काळपट थर आहे तो अण्णांच्या हाताचा आहे. मऊ कोरड्या कापडाने पुसा, पुरे.

कुठे द्यावं: मुंबईत सीएसएमटीच्या १८८८ च्या इमारतीतच मध्य रेल्वेचं वारसा दालन आहे. अण्णा मध्य रेल्वेचे, म्हणून मी पहिलं पत्र तिथे लिहीन. दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, १९७७ पासून. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून संग्रहालय आहे, पण ते नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या गाड्यांचं. तुमची पेटी ब्रॉडगेजची, तिथे ती परकी वाटेल. माथेरानचंही तसंच. आधी पत्र आणि फोटो पाठवा, पेटी घेऊन थेट दारात जाऊ नका.

आणि ‘गोदामात पडून राहतं का’ याचं सरळ उत्तर: हो, बरंचसं राहतं. कुठल्याही संग्रहालयात मांडलेल्या वस्तू थोड्या आणि ठेवणीतल्या जास्त असतात. नीट नोंद होऊन, कोरड्या कपाटात, नावाच्या चिठ्ठीसह ठेवलेली वस्तू वाया गेली असं मी मानत नाही. काचेमागे उन्हात ठेवलेली झेंडी चार-पाच वर्षांत विटते, कपाटातली तुमच्या नातवंडांनाही हिरवीच दिसेल.

एक विचारू? १९७४ ची डायरी उघडलीत का? ८ मे ते २७ मे रेल्वेचा संप होता.

देवरुखकर यॉर्कशायरहून
इथे मी रविवारी कीथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेवर जातो. पाच मैलांची लाईन, बंद पडलेली, लोकांनी मिळून १९६८ ला पुन्हा चालू केली. वेल्समध्ये टॅलीलिन रेल्वे त्याहून आधी, १९५१ पासून, स्वयंसेवक चालवतात. इकडच्या अशा रेल्वेंना लोक खूप काही देतात, आणि पुढे त्याचे साधारण तीन रस्ते असतात. काही वस्तू कामाला लागतात: बत्ती खरोखर ब्रेकव्हॅनला टांगली जाते, वात पेटते, काच कधीतरी फुटतेही. काही संग्रहालयात जातात. आणि जे त्यांच्याकडे आधीच ढिगाने आहे ते स्टॉलवर किंवा लिलावात विकून तो पैसा इंजिन दुरुस्तीला लावतात. हे शेवटचं कळलं की देणाऱ्यांना धक्का बसतो. म्हणून देतानाच विचारायचं: विकलं तर चालेल का, की परत हवं? उत्तर कागदावर.

आपल्याकडे माथेरानची १९०७ ची गाडी असो की दार्जिलिंगची १८८१ ची, चालवते रेल्वेच. रविवारी येऊन बत्ती पुसणारा, तिची गोष्ट सांगणारा गावकरी तिथे नसतो. साहेबांची बदली होते आणि गोष्ट त्यांच्याबरोबर जाते. त्यामुळे वस्तूची हकीकत वस्तूलाच बांधलेली हवी. इकडे आम्ही जाड कागदाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधतो, पेन्सिलने लिहितो. शाई ओलीत फुटते, पेन्सिल टिकते.

शास्त्रीकाठ
सहा आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. कौलं चढली, पाऊस लागला.

डब्याचं आधी. ठाण्यात अर्ज दिला, स्टेशनवर दुसरा. माणसं आली, आम्हाला सगळ्यांना खळ्याबाहेर उभं केलं आणि डबा रीतसर घेऊन गेली. पोहोच मिळाली. कुणी वाकडं बोललं नाही. त्यातल्या एका तरुणाने पेटीवरचं नाव वाचलं आणि पेटीला हात लावून नमस्कार केला.

कसरताई, १९७४ ची डायरी तुम्ही विचारलीत म्हणून उघडली. अण्णांची लिहायची पद्धत एकच: गाडी, इंजिन नंबर, डबे, निघाली कधी, पोचली कधी, आणि पुढे एखादा शब्द. ‘कसारा. बँकर उशिरा. पाऊस.’ (बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन.) ‘इगतपुरी. डबा आंबला.’ ८ मे ला फक्त ‘आजपासून बंद’ असं आहे. पुढे पानंच्या पानं कोरी. मधे १९ तारखेला एक ओळ: ‘हिने पाटल्या काढून दिल्या.’ मग २८ ला ‘हजर’.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. आईच्या हातात पाटल्या नाहीत हे मला आठवतं, पण त्या माहेरी ठेवल्यात असं तिने सांगितलं होतं आणि मरेपर्यंत तेच सांगत राहिली. त्या कोऱ्या पानांमध्ये घरात काय शिजलं असेल ते मी आता भावाला फोनवर विचारते आणि आम्ही दोघं आठवत बसतो. त्या संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस. १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा रेल्वेमंत्री तेच. आमच्या काजूच्या आठ कलमांवरून लाईन गेली तेव्हा अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, ज्याच्या शब्दावर गाडी थांबवली त्याच्याच शब्दावर ती दारात आली, आता झाडांचा हिशोब कशाला. गाड्या सुरू झाल्यावर संध्याकाळी ओटीवर बसायचे. गाडी गेली की शेवटच्या डब्याकडे बघून उजवा हात वर करायचे. कधी कधी गार्ड हिरवी झेंडी दाखवायचा. त्या दिवशी जेवताना दोन घास जास्त जायचे.

भाचीने डायऱ्यांचे फोटो काढायला घेतलेत, १९६९ पर्यंत झालेत. मूळ डायऱ्या द्यायच्या, पण पाटल्यांचं पान आमच्याकडे फोटोत राहील. घाटगार्ड दादा, तुम्ही म्हणालात तसं सापडलं. जुलै १९६६: ‘घाटात अडलो. पाठीमागे गेलो. चार लावले. पाय कापला.’ चार म्हणजे एक आणि तीन, हे तुमच्यामुळे कळलं.

बत्ती आणि गोळा परत करत असल्याचं पत्र, यादी आणि फोटो मुंबईला पाठवले. तिथून फोन आला, पेटी बघायला बोलावलंय. गणपतीनंतर जाऊ. शिट्टी देत नाही, ती नातवाला. प्रत्येक वस्तूला देवरुखकरांच्या सांगण्याप्रमाणे चिठ्ठी बांधलीय, पेन्सिलने. हिरव्या झेंडीच्या चिठ्ठीवर आईचं नाव आहे, ‘टाका हिचा’ असं. रेडीबंदर, नोंदवहीच्या क्रमांकासाठी यादीत वेगळा रकाना आखलाय, आणि पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, एक ओळ घातलीय: पेटीला रंग देऊ नये, नाव आहे तसं राहू द्यावं, चेपलेल्या ‘ण’सकट.